खंडेनवमीचा पंप

आमच्या पिकअपचा नेमका कुठला भाग तिचा स्वतःचा, हे आता कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. उजवा दरवाजा पांढरा, तो मूळचा. डावा निळा, तो हायवेकडच्या कुण्या पाणी विकणाऱ्याच्या गाडीचा. त्यावर अजून 'थंड पाण्याचे जार मिळतील' असं ठळक लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात भोरच्या रस्त्याला लोक हात करून गाडी थांबवतात आणि मागं भाताची पोती बघून आमच्यावरच चिडतात. मागची फळी एका बँडवाल्याच्या गाडीची आहे, तिच्यावर नुसती सनई उरली आहे, वाजवणारा खरवडून गेला. मी नवऱ्याला म्हटलं, एक रंग तरी मारून घ्या. तर म्हणाला, "रंग दिला तर चोर नेईल. अशी हाय तवर निर्धास्त." यात तथ्य होतं म्हणून मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसत नाही.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो'च म्हणते. इथं 'तो' लिहिते, कारण तो हे वाचणार नाही. तो वाचत नाही, बघतो. मोबाईलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ. त्या व्हिडिओतला माणूस दहा मिनिटांत इंजिन उतरवतो आणि पुढच्या दहा मिनिटांत चढवतो, कारण त्याला मधेच कुणी गिरणीत पाठवत नाही. ते बघून बघून आमच्या घरात गॅरेज शिरलं. पलंगाखाली क्लच प्लेट, माळ्यावर सायलेन्सर, धान्याच्या कोठीमागं स्प्रिंगचे पाटे. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकतात, हे मला लग्नानंतर कळलं, आणि तेही डबा रिकामा झाल्यावर. डिझेलच्या टाकीला चीर गेली तेव्हा त्यानं तिच्यावर अंगाचा साबण घासून भोक बुजवलं. तेव्हापासून साबणाची नवी वडी आली की आधी टाकी आणि मग माणसं, असा क्रम ठरून गेला.

गाडीचा सेल्फ तर कधी लागेल आणि कधी नाही याचा नेम नव्हता. आंबवड्याच्या पुढं, वेल्ह्याच्या अंगाला आमची वाडी आहे. इथं सपाट जमीन कमी आणि उतार लागेल तेवढा. त्यामुळं गाडी नेहमी तोंड खाली करून, चाकाखाली धोंडा लावून उभी करायची. निघताना धोंडा काढायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा, की झाली चालू. यात वाईट काहीच नाही, फक्त आमचं पाहुण्यांकडं जाणं उतारावर अवलंबून राहिलं. ज्यांच्या दारात उतार आहे त्यांच्याकडं आम्ही सुखदुःखाला जातो. माझी सख्खी बहीण भोंगवलीला दिलेली, तिथं सगळं पाटासारखं सपाट. तिला वाटतं, मला गर्व झालाय.

तर या गाडीवर माझं वावर टांगलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

वरचं वावर सासूबाईंचं. त्यांना मी आत्या म्हणते. सासरे होते तेव्हापासून ते वावर त्यांच्या एकटीच्या मर्जीचं, त्यात त्या नाचणी करायच्या. मी तीन वर्षं मागं लागले होते की मला तिथं झेंडू लावू द्या. आत्यांचा एकच सवाल, "फुलं खात्यात व्हय?" मी म्हणायची, विकतात. त्या म्हणायच्या, "कोन घेतंय? झाडाला लागत्यात फुकाट." तिसऱ्या वर्षी मी इतकं डोकं खाल्लं की त्या कंटाळून म्हणाल्या, "एक दसरा दिला तुला. इकली फुलं तर बघू. न्हाई इकली तर फुडल्या साली माझी नाचनी, आन परत फुलाचं नाव काडायचं न्हाई." हे त्यांनी चार बायकांसमोर सांगितलं, म्हणजे आमच्याकडं दगडावरची रेघ झाली.

मी त्या वावराला कधी नव्हे एवढी राबले. रोपं आणली, लावली, पावसात आडवी झाली ती काठ्या देऊन उभी केली. नवरात्रात सगळं वावर पिवळं-केशरी झालं, आणि मला झोप लागेना. झेंडूचं असं आहे की त्याचा एकच दिवस असतो, खंडेनवमीचा. त्या दिवशी हायवेला सारोळ्याच्या पुलाअलीकडं फुलांच्या राशी लागतात, गाड्या थांबतात, दसऱ्याच्या तोरणासाठी फुलं जातात. दसऱ्याला सकाळी दहाच्या पुढं तोच झेंडू फुकट म्हटलं तरी कुणी घेत नाही. तेव्हा खंडेनवमीला दुपारच्या आत फुलं हायवेला पोचली तर वावर माझं, नाहीतर नाचणीचं.

अष्टमीला गाडीनं डिझेल टिपकवायला सुरुवात केली. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडं देणारा एक छोटा पंप असतो, मुठीएवढा, तो फुटला होता. नवऱ्याला आनंदच झाला. तो लगेच एसटी धरून हायवेला गेला. तिथं जुन्या गाड्या तोडणाऱ्या एकाकडं त्याचं माहेर आहे. वस्तू निवडायची नवऱ्याची रीत मी एकदा सोबत जाऊन पाहिली होती. आधी वास घेतो, मग कानाशी हलवतो, मग ज्या गाडीतून काढली ती गाडी कशानं मेली याची चौकशी करतो. हा पंप त्यानं तोंडानं ओढून पारखला आणि घरी आल्यावर मला म्हणाला, "एक नंबर वडतोय." त्या दिवशी तो चहा प्यायला तरी ढेकर डिझेलचा येत होता. दिवे लागायच्या आत त्यानं जुना पंप काढून बोल्ट परत जागच्या जागी पिळून ठेवले, नवा ओसरीवर कागदावर मांडून ठेवला, शेजारी पान्यांचा डबा. "बाकी सकाळी. दोन बोल्ट तर हायेत. तुझी फुलं तोडून व्हायच्या आत गाडी तयार."

खंडेनवमीला मी वाडीतल्या चार बायका घेऊन पहाटेच वावरात गेले. नऊ वाजता क्रेट भरले, खाली उतरले, तर गाडी होती तशीच, बॉनेट उघडं. नवरा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, ओसरीवर मांडी घालून बसलेला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की घोटाळा आहे. त्यानं नुसतं आत बोट दाखवलं.

आत देव्हाऱ्यासमोर, घटाच्या शेजारी, खंडेनवमीची पूजा मांडली होती. या दिवशी घरातलं लोखंड धुऊन देवापुढं मांडतात, त्याला हळदकुंकू वाहतात, आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विसावा. कोयता, कुदळ, विळे, पहार, विळीसुद्धा होती. आणि त्यांच्या पुढं ओळीनं, लहान-मोठे लावून, नवऱ्याचे सगळे पाने. जॅक. हातोडी. पक्कड. आणि बरोबर मधोमध, जणू यंदाचा मानकरी, तो पंप. त्याला हळद, कुंकू, अक्षता. वर झेंडूचं फूल. माझ्याच वावरातलं.

आत्यांनी पहाटे उठून घरात जे लोखंड दिसलं ते उचललं होतं, यात त्यांचं काही चुकलं नाही. पण पूजा नवऱ्यानं केली होती! झोपेतून उठून, आंघोळ करून, डोळे मिटून हात जोडून. कुंकू त्यानं स्वतःच्या बोटानं लावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पंपाला कुंकू लावताना तुम्हाला काहीच आठवलं नाही?" तर म्हणाला, "आठावलं की. म्हटलं, नवीन वस्तू हाय, बरं झालं पूजा झाली."

मग त्यानं आईला विनवलं. "आई, फकस्त तेरा नंबर पाना दे. दोन बोल्ट हायेत."

"उद्या."

"फुलं आज न्यायचीत."

"मंग कालच जोडायचा हुता."

"कालच तर आनला."

"मंग परवा आनायचा हुता," आत्या म्हणाल्या आणि शांतपणे वाती वळायला लागल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, यांच्या मनासारखंच झालं, नाचणी आली. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला.

पंपाचं नंतर बघू म्हणून नवरा आधी वाडीत पाना मागायला गेला. आठ घरं फिरला आणि रिकाम्या हातानं परत आला. आठही घरांत पाने देवापुढं नटून बसले होते. एका घरात तर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची टोचन पिनसुद्धा उपलब्ध नव्हती. मग त्यानं स्वयंपाकघरातली सांडशी उचलली. सांडशी पूजेत नव्हती, कारण ती पूजेत बसली तर चहाचं भांडं कुणी उतरवायचं? त्या सांडशीनं त्यानं नुसता एक बोल्ट चाचपून बघितला, तर सांडशी जबडा वाकडा करून मोकळी झाली आणि बोल्टचे कान गोल झाले. आता पाना मिळाला तरी बोल्ट धरतो की नाही, हा नवीन प्रश्न. दहा वाजून गेले होते. क्रेटमधली फुलं मी ओल्या पोत्यानं झाकत होते.

तेव्हा मला डेपोतले काका आठवले. खालच्या वस्तीत, विहाराच्या शेजारी त्यांचं घर. एसटीच्या डेपोत जन्मभर मेस्त्री होते, आता निवृत्त. बौद्ध कुटुंब, त्यांच्याकडं खंडेनवमी नाही, म्हणजे त्यांचं लोखंड मोकळं. हे नवऱ्याला सुचलं नव्हतं असं नाही, पण त्याची जायची हिंमत नव्हती. काकांनी त्याला दहादा सांगितलं होतं की भंगारातला पंप आणू नको. मग मीच पळत गेले.

काका अंगणात पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचाही मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा, भोरला कार्यक्रम होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"तेरा नंबर पाना द्या ना काका. तासाभरात आणून देते."

"पाना म्या कुनाला देत न्हाई," काका म्हणाले. "पान्यासंगट मी येतो." आणि जुना सदरा चढवून, पिशवी घेऊन निघालेसुद्धा.

गाडीपाशी येऊन त्यांनी तो गोल झालेला बोल्ट पाहिला, मग सांडशी पाहिली, मग नवऱ्याकडं पाहिलं. नवरा टायरमधली हवा बघायला गेला. काकांनी ठोकून-पिळून बोल्ट मोकळा केला, आपल्या पिशवीतला दुसरा काढला आणि हात पुढं केला. "हं, पंप."

"तो देवापुढं आहे," मी म्हणाले.

काका ओसरीच्या पायरीवर बसले. आत्या दारात आल्या. दोघं एका वयाची, एकमेकांना तरणेपणापासून ओळखणारी. "वैनी," काका म्हणाले, "माझं लोखंड मोकळं हाय, पर तुमचं न्हाई. मी काय बोलू? देव तुमचा, पंप तुमचा."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दारातल्या क्रेटकडं, मग परत माझ्याकडं. माझा चेहरा तेव्हा काय झाला होता कोण जाणे. त्या आत गेल्या, पूजेपुढं उकिडव्या बसल्या आणि पंपाकडं निरखून बघत आतूनच विचारलं, "मेस्तरी, ह्येला धार असती का?"

"न्हाई."

"मूठ?"

"न्हाई."

"मंग ह्यो करतो काय?"

"टाकीतलं डिझेल वडून घेतो आन फुडं देतो."

"म्हंजे आडातनं पानी शेंदायची कळशीच की."

काका जरा घुटमळले. उभ्या जन्मात त्यांनी पंपाला कळशी म्हटलं नसेल. "तसंच म्हना," ते म्हणाले.

"आरं मंग ह्ये भांडं हाय!" आत्यांनी निकाल दिला. "भांड्याला कुठं खंडेनवमी असती? उगंच हत्यारांत बसलं." त्यांनी दोन्ही हातांनी पंप उचलला, देवाला नमस्कार केला आणि बाहेर आणून काकांच्या हातात दिला. मग पूजेच्या मधोमध रिकामी जागा दिसायला लागली, ती त्यांना बघवेना. त्यांनी ती वाकडी सांडशी धुतली, तिला हळदकुंकू लावलं आणि तिथं ठेवली. त्या दिवशी चहा आम्ही पदरानं उतरवला.

काकांनी पंप पाच मिनिटांत बसवला. पाइपात शिरलेली हवा काढायला पंपावरचं बटण दाबलं, तर आधी हळदीचा पिवळा फेस आला, मग दोन अक्षता, मग डिझेल. गाडी सपाटीवर होती, कारण फुलं भरायची म्हणून नवऱ्यानं ती आदल्या दिवशीच खाली आणून ठेवली होती. आम्ही पाच बायकांनी फुलांसकट ढकलली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरली. काका ओरडले, "आता रातीपतोर बंद करायची न्हाई!" मी त्यांना विचारलं, काका, तुमचं काय द्यायचं? ते म्हणाले, "एक क्रेट विहारात ठिव. उद्या बाबासायबांच्या फोटूला हार लागंल." मी दोन ठेवले.

मी गाडीत बसणार, तर आत्या आधीच बसलेल्या. डोक्यावरून पदर, पायाशी पिशवी. "देवापुढनं उचललेलं भांडं हाय," त्या समोर बघत म्हणाल्या. "जिथं ते जाईल तिथं मला जाया पायजे." मला वाटलं, माझी फजिती डोळ्यांनी बघायला निघाल्या.

हायवेला पोचलो तेव्हा दुपार उलटायला आली होती. चांगल्या जागा गेलेल्या. एका टपरीच्या पलीकडं, कडेच्या खडीत आम्हाला जागा मिळाली, तीही सपाट. गाडी बंद केली की संपलं. म्हणून नवरा ब्रेकवर पाय देऊन, गाडी चालू ठेवून आत बसला आणि मी मागची फळी पाडून उभी राहिले. लोकांना वाटायचं, ही निघाली वाटतं, आणि ते पुढच्या राशीकडं जायचे. दोघं जण जार कितीला म्हणून विचारून गेले. मला 'या, ताजा झेंडू' असं ओरडता येईना. वावरात मी दिवसभर ओरडते, पण इथं आवाज फुटेना. अर्ध्या तासात मोजून चार गिऱ्हाइकं झाली. शेजारच्या राशी खाली चालल्या होत्या आणि माझे क्रेट जसेच्या तसे. मला नाचणी दिसायला लागली.

आत्या इतका वेळ आत बसून होत्या. त्या उतरल्या, पदर खोचला, फळीवर चढून बसल्या आणि दोन्ही ओंजळी भरून फुलं वर धरली. "ए साहेब! थांबव की गाडी! हितं ये! ही फुलं बघ, आमच्या डोंगरातली हायेत, पहाटं तोडलेली! त्या पलीकडल्याची कालची हायेत, नाक लावून बघ!" पलीकडल्यानं वळून पाहिलं. आत्यांनी त्यालाही एक फूल फेकून दिलं. "तू बी बघ!" तोही हसला. गाड्या थांबायला लागल्या. आत्या कुणाला ओंजळभर जास्त घालत होत्या, कुणाला नुसत्या बोलण्यावर गार करत होत्या. कारमधल्या एका बाईनं भावात घासाघीस केली, तर तिला म्हणाल्या, "वावरात ये आमच्या, एक दिस वाकून तोड, फुकाट ने." ती बाई दोन पिशव्या घेऊन गेली. मी क्रेटमागून क्रेट पुढं सरकवत होते आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. फुलं कोण घेतंय म्हणणारी हीच ती बाई.

उन्हं उतरली तेव्हा पाच-सहा क्रेट उरले होते. एक पुण्याकडचा हार करणारा टेम्पो घेऊन आला आणि सगळे एकदम मागायला लागला. भाव पाडून मागत होता, पण अगदी वाईट नव्हता. तो अर्थातच आत्यांशी बोलत होता, कारण इतका वेळ त्याच बोलत होत्या. "द्या मावशी, सगळा माल उचलतो, तुम्ही मोकळ्या व्हा."

आत्यांनी हात झटकले. "मला काय इचारतोस? वावर हिचं हाय. हिला इचार."

माणूस माझ्याकडं वळला. माझे हात क्रेटवर होते तिथंच राहिले. पुढं नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून, तिसऱ्याच कुणाशी तरी पंपाविषयी बोलत होता, त्याच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. त्याच्या कानावर ते जायलाच हवं होतं. आणि मलाही ते अजून एकदा हवं होतं.

"गाडीच्या आवाजात काही कळलं नाही आत्या," मी म्हणाले. "कुणाचं म्हणालात?"

आत्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. त्यांना माझी लबाडी कळली, हे मला कळलं. तरी त्यांनी मान वळवली आणि हायवेवरच्या ट्रकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "वावर हिचं हाय!"